झाकलेल्या कामाची वही

सरकारी बांधकामात मोजमाप वहीला, म्हणजे एमबीला, जेवढा मान असतो तेवढा कधी कधी इमारतीलाही नसतो. पानांवर छापील क्रमांक, नोंद शाईनेच, खोडायला मनाई, चुकलं तर आडवी रेघ आणि बाजूला सही, पान फाडण्याचा तर प्रश्नच नाही. वही गहाळ झाली तर चौकशी लागते. स्लॅब गळला तर लागेलच असं नाही. खामगावच्या तंत्रनिकेतनातून स्थापत्यची पदविका घेऊन मी संग्रामपूर तालुक्यात एका ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा या वहीचा मला धाकच वाटायचा. जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता साहेब, साइटवर आले की टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. ते आकडा मोठ्याने बोलून लिहीत: नग, लांबी, रुंदी, खोली. इमारतीचं सगळं या वहीत उतरतंय, पुढे कुणाला काही विचारायचं झालं तर ती उघडली की झालं, असंच तेव्हा आम्हा सगळ्या पोरांना वाटायचं.

पण एमबी पैसे देण्यासाठी असते. आठ फुटिंगांची खोदाई ती 'नग ८' म्हणून एका ओळीत, सरासरी खोलीने, गुणाकार करून लिहिते, कारण बिल घनमीटरवर निघतं. ईशान्येचं फुटिंग मुरमावर टेकलं आणि नैर्ऋत्येचं काळ्या मातीतच थांबलं, हे त्या ओळीत कुठून दिसणार? बिलाला सरासरी पुरते. भेग मात्र एकाच कोपऱ्यात पडते.

पुढे मी स्वतःचं काम सुरू केलं. वरवट बकालच्या फाट्याजवळ एक खोली, एक टेबल, एक प्रिंटर. अंदाजपत्रकं, जुन्या इमारतींची पाहणी, दुरुस्तीचे प्रस्ताव. तेव्हापासून हा धंदा मला उलट्या बाजूने दिसायला लागला. आधी मी काम झाकत होतो; पायावर माती, सळईवर काँक्रीट, पाइपावर फरशी. आता झाकलेलं काय आहे ते शोधण्याचे पैसे मिळू लागले. शाळेवर वरचा मजला चढवायचाय, पाया झेपेल का? टाकीचे खांब फुगलेत, आत सळई किती जाडीची? या प्रश्नांची उत्तरं एकेकाळी कुणाच्या तरी डोळ्यांसमोर उघडी पडलेली होती. एखादा दिवस, फार तर दोन. मग मिक्सर आला.

आमचा तालुका या बाबतीत फसवा आहे. उत्तरेला सातपुडा आणि अंबाबरवा अभयारण्य. सोनाळा-टुनकीकडे पायथ्याला खणलं की गोटे आणि मुरूम लागतो. तिथून खाली पातुर्ड्याकडे उतरत गेलं की काळी जमीन सुरू होते आणि पूर्णा नदीकडे तर गाळाचा थर इतका खोल की 'कठीण थर लागेपर्यंत' हे अंदाजपत्रकातलं लाडकं वाक्य तिथे वाचून हसू येतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर टेकलेली भिंत तिच्याबरोबर हलते. त्यासाठीच रूडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली फुगीर कंद असलेलं पाइल फाउंडेशन विकसित केलं. पण एकाच नमुन्याचा नकाशा डोंगराच्या पायथ्यालाही चालतो आणि पूर्णाकाठीही चालतो. दोन्हीकडच्या फाइली शेजारी ठेवल्या तर जमीन वेगळी होती हे कळत नाही.

एका गावातल्या शाळेची गोष्ट सांगतो. दोन खोल्या, एका कोपऱ्याला तिरकी भेग. काळ्या जमिनीतली भेग बहुधा वैशाखात उघडते आणि पाऊस पडून माती फुगली की मिटत येते. ही उलटी वागत होती. पाऊस चांगला झाला की रुंदावायची. आम्ही काचेच्या पट्ट्या चिकटवून पाहिल्या, त्या भादव्यात तडकल्या. माती फुगत नव्हती, खाली बसत होती. फाइल मागवली. जागेच्या पाहणीचा कागद होता, त्यावर लिहिलेलं: जागा सपाट, अडथळा नाही.

शाळेसमोरच्या ओट्यावर एक म्हाताऱ्या बाई बसायच्या. आम्ही टेप लावून चार वेळा इकडून तिकडे गेलो तेव्हा त्यांनीच हाक मारली. "साहेब, त्या कोनाखाली पेव हाय ना! माह्या सासऱ्याची जवारी राहे त्याच्यात." जुन्या गावठाणात, पांढरीत, धान्य साठवायला अशी पेवं असत. तोंड अरुंद, पोट मोठं, आत माणूस उतरेल एवढं. आम्ही जोत्याला लागून खड्डा घेतला आणि खरंच, बाजूला माती भुसभुशीत, खाली पोकळी. कधीतरी कचरा-माती टाकून बुजवलेलं पेव पावसाचं पाणी पिऊन दरवर्षी थोडं थोडं बसत होतं. ते साफ केलं, काँक्रीटने भरलं, कोपऱ्याखाली नवा आधार दिला. काम तसं मोठं नव्हतं. बाईंना मी विचारलं, "आजी, शाळा बांधताना सांगितलं नाही का?" त्या म्हणाल्या, "कोनी इचारलंच नाही, त कोनाले सांगू?"

माहिती होती. शाळेपासून हाकेच्या अंतरावर होती. मात्र पाहणीच्या छापील कागदावर तिच्यासाठी रकाना नव्हता. त्यानंतर गावठाणात काम असलं की मी आधी जुन्या माणसांकडे चहा घेतो. इथं विहीर होती का, पेव होतं का, गढीची भिंत कुठपर्यंत होती, नाल्याचं पाणी पूर्वी कुठून जायचं. विहिरी खणणारा जुना माणूस भेटला तर फारच उत्तम. त्याला कोणत्या आळीत किती हातांवर काय लागलं हे तोंडपाठ असतं. हे सगळं लिहून घेतो, सांगणाऱ्याच्या नावासकट. मृदा परीक्षणाला हा पर्याय नाही. बोअर कुठे मारायचं हे मात्र या चहातूनच कळतं.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती मला जास्त लागली. तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतून जाणारा हा पट्टा; जमिनीखालचं पाणी खारट. किडनीच्या आजारांमुळे तो बातम्यांत येतो. त्याच पाण्याने या भागात वर्षानुवर्षं काँक्रीटही कालवलं गेलं, ही बातमी कधी होत नाही.

अशा एका इमारतीत मला बोलावलं होतं. पंधरा-सोळा वर्षांतच स्लॅबच्या पोटाची खपली पडून सळया उघड्या, आणि सळई बोटाने खरवडली तर पापुद्रे निघत. कागदपत्रं पाहिली तर सगळं नीट. सिमेंटच्या गोण्यांचा हिशोब जुळत होता. क्यूब टेस्टचे अहवाल उत्तम. ते उत्तम असणारच होते, कारण २८ दिवसांचा क्यूब ताकद सांगतो, सळई पुढे गंजेल की नाही हे सांगत नाही. भारतीय मानक ४५६ म्हणतं की सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. साध्या, बिनसळईच्या काँक्रीटला २००० पर्यंत चालतं. फरक चौपट आहे आणि तो सळईसाठीच आहे. मग पाणी कुठलं होतं? संपूर्ण फाइलमध्ये एक शब्द नाही. नसणारच. दरसूचीत पाण्याची किंमत काँक्रीटच्या दरातच धरलेली असते. पाण्याचं वेगळं बिल निघत नाही, म्हणून एमबीत पाणी येत नाही. ज्याचे पैसे द्यायचे नाहीत त्याची नोंद नाही. इमारतीला सर्वांत महाग पडलेली गोष्ट कागदावर फुकट होती.

पत्ता लागला तो ठेकेदाराच्या जुन्या ट्रॅक्टर चालकाकडून. टँकर तोच ओढायचा. "ते पाणी त कपाशीलेही चालत नव्हतं, म्हून बोअर रिकामाच राहे. फुकट भेटे." एवढं सांगून तो पुन्हा पान लावायला वळला.

आता वान प्रकल्पाच्या हनुमान सागर जलाशयातून संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या गावांना पाणी देणारी १४० गावांची योजना आहे. पिण्याचं पाणी बदललं तरी बांधकामाला टँकरच येतो, आणि टँकर कुठे भरला हे चालकालाच माहीत असतं. माझ्या खिशात हल्ली पेनसारखं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, असतं. त्याने क्लोराइड कळत नाही, पण आकडा पाहून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा की नाही एवढं कळतं. ठेकेदार त्याला माझं थर्मामीटर म्हणतात आणि मी आलो की टँकर गायब करतात. करू देत. टँकर गायब झाला, हीही मी नोंद करतो.

ही नोंद मी कुठे करतो, हे सांगायला हवं. सुपरवायझर असल्यापासून माझ्याकडे एक खासगी वही असायची. एमबीत जे बसत नाही ते तिच्यात. कोणत्या फुटिंगला काय लागलं, सळई कुठे जोडली, ड्रेनेजचा पाइप वळसा घालून का नेला, पाणी कुठलं, पावसाने स्लॅबचं काम मध्येच कुठे थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी सांधा कुठे आला. हा शेवटचा मुद्दा भारी असतो. काही वर्षांनी स्लॅब गळायला लागतो तेव्हा पुष्कळदा त्याच सांध्यातून गळतो, आणि गच्चीभर डांबर ओतत बसण्याऐवजी तेवढी पट्टी दुरुस्त केली तर काम भागतं. वहीवर मी नाव घातलं होतं 'झाकलेलं काम'. ठेकेदार म्हणायचे, हा कादंबरी लिहितोय.

खरं तर झाकण्याआधी मोजायचं, हा नियम जुनाच आहे. पण तो पाळला जातो मोजण्यापुरता. फोटोंचंही तेच झालंय. घरकुलाच्या योजनेत टप्प्याटप्प्याने जिओटॅग केलेला फोटो अपलोड करावा लागतो, तेव्हा हप्ता सुटतो. चांगली सोय आहे. जागेवर घरच नाही आणि पैसे निघाले, असं करणं अवघड झालं. मात्र फोटोत काय असतं? जोत्यावर हात जोडून उभा घरधनी. जोत्याखाली काय आहे हे फोटोत येत नाही, कारण हप्ता जोत्याला मिळतो.

२२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत जो पाऊस झाला त्याने हे आणखी उघडं पाडलं. नदी-नाले गावांत शिरले, शेतं खरडून गेली, गुरं वाहिली. पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले. माझ्याकडे एका वाहून गेलेल्या रपट्याचं अंदाजपत्रक आलं. नवा बांधायचा तर जुना का गेला हे आधी कळायला हवं. पाया उथळ होता की पाण्याने बाजूचा भराव कापला? नकाशात खोलीच्या ठिकाणी तेच, कठीण थर लागेपर्यंत. थर कितीवर लागला?

ते एका पोराच्या फोनमध्ये सापडलं. काम चाललं होतं तेव्हा तो तिथे मजुरांना पाणी द्यायचा. खड्ड्यात टेप सोडून उभ्या असलेल्या मिस्त्रीचा फोटो त्याने गंमत म्हणून काढला होता, मिस्त्री चिखलात घसरून बसला म्हणून. झूम केलं तर टेपवरचा आकडा वाचता येत होता. तारीख फोटोतच होती. खोली पुरेशी होती. भराव कापला गेला होता. नव्या प्रस्तावात आम्ही पाया जवळजवळ तसाच ठेवला आणि बाजूच्या दगडी पिचिंगवर खर्च वाढवला. हा सगळा निर्णय एका चेष्टेच्या फोटोवर टेकलेला होता. त्या पोराने मधल्या काळात फोन बदलला असता तर? लग्नाचे व्हिडिओ मावत नाहीत म्हणून गॅलरी पुसली असती तर? तेव्हापासून मी साइटवर पाटी ठेवतो, शाळेत असायची तशी. गाव, कामाचा भाग, तारीख खडूने लिहायची, टेपाशेजारी धरायची आणि मग फोटो.

हे सगळं मी माझ्या अकलेने काढलं असं वाटायचं. एका दिवाळीला भाचा पुण्याहून आला आणि त्याने तो भ्रम मोडला. तो तिथे एका कंपनीत बीआयएम मॉडेलर आहे. संगणकावर इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं, पण नुसतं चित्र नाही; प्रत्येक दार, पंप, व्हॉल्व्ह यांच्यामागे माहिती चिकटवलेली. कुणी बनवला, कधी बसवला, हमी केव्हापर्यंत, बदलायचा तर कोणता मागवायचा. त्या वेळी तो इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलचं काम करत होता. आमच्या गल्लीतलं पोर परदेशातल्या हॉस्पिटलच्या एकेका नळाला क्रमांक देतंय आणि तो ज्या शाळेत शिकला तिचा साधा नकाशा कुणाकडे नाही, यावर आम्ही दोघं मनापासून हसलो.

मला आधी वाटलं, हे श्रीमंतांचं खेळणं. मग त्याने जे सांगितलं ते डोक्यात राहिलं. "मामा, मॉडेल कोणी एवढं पाहत नाही. मालक यादी पाहतो. अन् ती यादी काय काय पाहिजे, हे तो काम सुरू व्हायच्या आधी लिहून देतो." ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या कामांना ही पद्धत सक्तीची केली. २०१८ च्या शेवटी तिचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, आयएसओ १९६५०, आणि २०२० मध्ये त्याचा तिसरा भाग, खास इमारत वापरात असतानाच्या माहितीसाठी. बांधणीचा काळ दोन वर्षं आणि वापराचा साठ, तरी आपलं सगळं दप्तर त्या दोन वर्षांचं. अमेरिकेत २००४ साली तिथल्या मानक संस्थेने हिशोब काढला होता: इमारतींची माहिती एका हातातून दुसऱ्या हातात नीट न गेल्यामुळे वर्षाला सुमारे १५८० कोटी डॉलरचं नुकसान, आणि त्यातला जवळपास दोनतृतीयांश भार नकाशे काढणाऱ्यांवर किंवा ठेकेदारावर नाही, मालकावर आणि इमारत चालवणाऱ्यावर. आपल्याकडे हा भार शाळेचे हेडमास्तर आणि आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर उचलतात.

फार लांब जायला नको. नागपूर मेट्रोने पहिल्यापासून अशा डिजिटल मॉडेलवर काम चालवलं. त्यात वेळ आणि खर्चही जोडलेला, म्हणून पाच मितींचं म्हणतात. विदर्भातच हे होऊ शकलं याचा मला अभिमान आहे. पण मेट्रोला एक मालक आहे आणि तोच ती चालवतो. गावातल्या इमारतीचा पैसा एका खात्याचा, बांधणारा दुसरा, वापरणारा तिसरा, आणि दुरुस्तीच्या वेळी चौथाच कुणीतरी येतो. संगणक आणून दिला तरी यादी मागणार कोण?

आणि न मागितल्याची किंमत आपण मोजलेली आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला कमानीचा पूल पुरात गेला, दोन एसट्या आणि माणसं घेऊन. मार्च २०१९ मध्ये मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला. त्याच्या आधीच्या तपासणीत तो किरकोळ दुरुस्तीने चालेल असं म्हटलेलं होतं. माझ्याकडेही ऑडिटची कामं येतात म्हणून त्या दुसऱ्या बातमीने माझी झोप उडाली होती. ऑडिट म्हणजे हातोडीने ठोकून, यंत्र लावून, बाहेरून आतलं ओळखणं. आत काय घातलं होतं हे सांगणारा कागद नसेल तर तो अंदाजच असतो, कितीही यंत्रं लावा. तेव्हापासून माझ्या अहवालात 'उपलब्ध न झालेली माहिती' असं एक पान असतं. काही कार्यालयांना ते पान आवडत नाही. काढून टाका म्हणतात. मी म्हणतो, सही पण काढून टाका मग.

या बाबतीत मला रेल्वेवाले आवडतात. अकोला-खंडवा मीटरगेज चालू होती तेव्हा हिवरखेड, वान रोडकडून जाताना मी खिडकीतून पूल बघायचो. प्रत्येक पुलावर, अगदी लहान मोरीवरही, क्रमांक रंगवलेला. मोठ्या पुलांच्या खांबांवर धोक्याची पातळी आणि पुराची खूण. कार्यालयात त्या क्रमांकाची नोंदवही. म्हणजे माहितीचा धागा त्या वस्तूच्या अंगावरच लिहिलेला. साहेबाची बदली झाली तरी क्रमांक पुलावरच.

हे मी एका आरोग्य उपकेंद्रात करून पाहिलं. इमारत ताब्यात दिली तेव्हा सिस्टरना चाव्यांचा जुडगा मिळाला, नकाशा मिळाला नाही. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांचा फोन. "साहेब, पाणी वाहून राहिलं, मेन व्हॉल्व्ह कुठी हाय?" प्लंबरने तोवर दोन फरश्या फोडल्या होत्या. मी जाऊन माझ्या वहीवरून एका कागदावर पाइपांचा, वायरिंगचा आणि सेप्टिक टँकचा नकाशा काढला, लॅमिनेट केला आणि सिस्टरनी तो औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. छान चाललं. काही वर्षांनी दुसऱ्याच गावच्या उपकेंद्रातून फोन आला की तुमच्या नकाशाप्रमाणे खणलं पण सेप्टिक टँक सापडत नाही. कपाट तिकडे हलवलं गेलं होतं, नकाशासकट. तेव्हापासून मी मीटर बोर्डाशेजारच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून घेतो: व्हॉल्व्ह इथून किती फुटांवर, टँकचं झाकण कुठे, बांधकामाचं वर्ष, पाणी कुठलं. भिंत कुणी नेत नाही. रंग देणारा पुसून टाकतो कधी कधी, ते वेगळं.

कागदांचं आयुष्यही ठरलेलं असतं. सरकारी दप्तरात 'अ' वर्ग कायमचा, 'ब' ३० वर्षांचा, 'क' १० वर्षांचा, 'ड' वर्षभराचा. एखादी फाइल कोणत्या वर्गात टाकायची हे ठरवताना तिच्यातली इमारत अजून उभी आहे का, असं कुणी विचारल्याचं मी पाहिलेलं नाही. बिल, लेखापरीक्षण, वाद संपले की फाइलही संपते.

सगळ्यात विचित्र अनुभव जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आला. पूर्णाकाठच्या गावांत घरांचं मूल्यांकन चालू असताना मी काही घरं मोजायला मदतीला होतो. धाब्याची जुनी घरं. मातीची भिंत दोन-अडीच हात जाडीची, सागवानी खण, चौकटीवर कोरीव वेल. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरांची कुणी एक ओळ लिहिलेली नव्हती. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये करापुरती असेल तेवढीच. आणि आता आम्ही खांब मोजत होतो, लाकडाची जात लिहीत होतो, भिंतीची जाडी तीन ठिकाणी घेत होतो, न्हाणीचा दगडसुद्धा सुटत नव्हता. इतकी बारीक नोंद मी एकाही नव्या सरकारी इमारतीची पाहिलेली नाही. घर पाण्याखाली जाणार, मोबदला द्यायचा, म्हणून. एका घरच्या आजोबांनी मला थांबवून माजघरातला जमिनीतला एक दगड दाखवला. त्याखाली घराचा पाया घालताना पुरलेलं काहीतरी होतं. ते मोजमापात धरता का, विचारत होते. त्याला रकाना नव्हता. शेऱ्यात मी लिहिलं, कार्यालयाने नंतर काय केलं ठाऊक नाही.

या सगळ्यावर माझ्याकडे काही मोठा उपाय नाही. एक लहान खटपट चालू आहे. ग्रामपंचायतीच्या ३३ नमुन्यांत नमुना २२ स्थावर मालमत्तेचा असतो. शाळेची खोली, सभागृह, समाजमंदिर. वर्ष, वर्णन, खर्च. हा एकच कागद असा आहे जो इमारतीच्या गावातच राहतो आणि दरवर्षी निदान उघडला जातो. मी ठरवलं, आपल्या हातून जाणाऱ्या कामाची दोन पानं, पाया, पाणी, सळई, सांधा, पाइप आणि पाटीचे फोटो, या नमुन्याच्या मागे लावायची. एका गावच्या ग्रामसेवकाला विचारलं. ते घाबरले. "भाऊ, ऑडिटवाले विचारतील हे काय लावलं, कोणत्या परिपत्रकाने लावलं?" शेवटी त्यांनीच वाट काढली: तुम्ही पत्र द्या, मी आवक क्रमांक टाकतो, मासिक सभेपुढे ठेवतो. एकदा क्रमांक पडला की मग ते कागद काढून टाकायलाच परिपत्रक लागेल.

सभेत एका सदस्याने खर्च किती विचारला. काही नाही म्हटल्यावर संशयाने पाहिलं. दुसऱ्याने विचारलं, हे फक्त सरकारी कामालाच का, माझं घर चाललंय, त्याचीही वही करून द्याल का? मी गेलो. कॉलमचे फोटो पाटी धरून घेतले, टँकची जागा दोन भिंतींपासून मोजून लिहिली. स्लॅबची सळई बांधून झाली आहे, कव्हर ब्लॉक मी मागे लागून लावून घेतलेत. पाणी कुठून आणायचं, यावर मात्र त्यांच्या घरात अजून एकमत नाही. शेजारच्या बोअरचं फुकट मिळतंय.